चंद्री विरुद्ध पुण्याची तार

तुम्ही कुठल्या खात्यात नोकरी केली, असं कुणी विचारलं की मी ‘हवाई’ म्हणून सांगतो. विचारणारा जरा सावरून बसतो. मग ‘म्हणजे कबुतरं’ एवढं म्हटलं की तो पुन्हा भिंतीला टेकतो. या अंकाचे संपादक मात्र टेकले नाहीत. ‘चाचा, हेच लिहा,’ म्हणाले. म्हणून लिहितोय. शुद्धलेखन त्यांचं त्यांनी बघावं.

मी दस्तगीर. कोल्हापुरात आबासाहेब म्हणून एक जहागीरदार होते, त्यांच्या माडीवरच्या गच्चीत कबुतरांची ढाबळ होती. ती आधी माझे वडील सांभाळत, मग मी सांभाळू लागलो. तेव्हा थोरले महाराज गादीवर होते. त्यांना कुस्तीचा आणि जनावरांचा शौक, त्यामुळे गावात जनावर सांभाळणाऱ्याला मोठा मान. चित्तेवान शिकारीच्या चित्त्याला साखळी लावून निघाला की भर बाजार दोन बाजूंना व्हायचा. माहुताची सोयरीक ठरवताना मुलीचा बाप हत्तीची उंची विचारायचा. माझ्या सासऱ्यांनी माझ्याबद्दल एवढंच विचारलं होतं, “जावई कबुतरं खातो का सांभाळतो?” सांभाळतो म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं.

लोकांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही, ती आधीच सांगून टाकतो. निरोप्या कबुतर कुठं पाठवता येत नाही. ते फक्त परत येतं. त्याला टोपलीत घालून तुम्ही स्वतः लांब न्यायचं, पायाला पातळ कागदाची सुरळी बांधायची आणि सोडायचं. ते आपल्या ढाबळीकडं निघतं. घरी जोडीदार असला, खोप्यात पिल्लं असली, की जास्तच ओढीनं येतं. बस्स, एवढीच विद्या. बाकी सगळं दाणापाणी, झाडलोट आणि मांजराशी वैर.

पण हे समजावता समजावता माझे केस पिकले. लोक यायचे, “चाचा, कबनूरला पोरगी दिलीया, तिला सांगावा धाडा की.” मी म्हणायचो, “पाखरू कबनूरला जात न्हाय, कबनूरवरनं येतंय.” त्यावर, “मग हिकडनं धाडून तिकडनं परत बोलवा!” दुसरी गिऱ्हाइकं म्हणजे अर्धांगवायूवाले. कबुतराच्या रगतानं लुळा पडलेला हात हलतो, अशी त्या काळी समजूत होती. घरातला म्हातारा आडवा झाला की त्याचा मुलगा वाटी घेऊन माझ्या दारात. मी ढाबळीला कुलूप लावायला शिकलो ते मांजरामुळं नव्हे, या वाट्यांमुळं.

एक पावणं मात्र मी विसरणार नाही. गगनबावड्याचे होते, नाव बाळगोंडा. थोरली सून बाळंतपणाला टेकली होती आणि तिचं माहेर कोल्हापुरात, आमच्याच गल्लीत. त्यांनी माझ्याकडून एक पाखरू टोपलीतून नेलं. मुलगा झाला तर लाल दोरा बांधून सोडायचं, मुलगी झाली तर हिरवा, असं ठरलं. माहेरची सगळी माणसं रोज गच्चीत येऊन आभाळ बघत बसायची. एका सकाळी धो धो पावसात दारावर थाप पडली. बघतो तर बाळगोंडा! डोक्यावर इरलं, ढोपरापर्यंत चिखल, आणि काखेत ती टोपली, घोंगड्यात गुंडाळलेली.

“नातू झाला, चाचा!”

“अहो, मग पाखरू का सोडलं न्हाई?”

“एवढ्या पावसात?” ते माझ्यावरच डाफरले. “मुकं जित्राब भिजलं असतं की! म्हटलं, मीच जातो.”

टोपली उघडली तर पाखराच्या पायाला लाल दोरा बरोबर बांधलेला होता.

आता मुख्य गोष्ट. आमच्या आबासाहेबांचे साडू वकील होते. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळं दर सणाला दोघांना शेजारी पाटावर बसावं लागायचं, आणि बसले की वाद. वकीलसाहेबांना नव्या गोष्टींचं भारी कौतुक. आगगाडी, सायकल, तार. त्यांच्या मते आमची ढाबळ म्हणजे मोगलाईतलं खूळ. त्या दिवाळीत फराळाला बसल्यावर ते म्हणाले, “आबासाहेब, तारेच्या जमान्यात कबुतरं म्हणजे मशाल लावून सूर्य बघण्यासारखं आहे.”

आबासाहेबांच्या हातातली करंजी तिथंच थांबली. “माझं पाखरू तुमच्या तारंच्या आधी येईल.”

“कुठून? उचगावहून?”

“पुण्याहून!”

माजघरात आबासाहेबांच्या बाईसाहेबांनी कपाळावर हात मारलेला मी पाहिला. आबासाहेबांनी आयुष्यात पुण्याहून पाखरू सोडलं नव्हतं.

पैज ठरली. पुण्याच्या स्टेशनवर आमच्या गाडीवानानं पाखरू सोडायचं आणि वकीलसाहेबांच्या कारकुनानं तिथंच तार करायची. आबासाहेबांच्या घरी आधी पोचेल तो जिंकला. पाखरू हरलं तर ढाबळ मोडायची आणि सगळी कबुतरं शेजारच्या तालमीत रश्श्याला द्यायची. तार हरली तर वकीलसाहेबांनी सगळ्या तालमीला मटणाचं जेवण घालायचं. तालमीचे केरबा वस्ताद साक्षीला होते. ते मिशीला पीळ देत म्हणाले, “आमाला दोन्ही मान्य हाय.” का नसणार? कुणीही हरलं तरी जेवण त्यांनाच होतं. त्या दिवसापासून पैलवान जाता-येता माझ्या ढाबळीकडं अशा नजरेनं बघायचे की मी दोन कुलपं लावू लागलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. “ढाबळ मोडली तर तुमी काय करणार?” तिनं विचारलं. मला दुसरं काही येतच नव्हतं.

मी चंद्रीला निवडलं. निळसर राखी मादी, कपाळावर पांढरा ठिपका. तिची पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती, म्हणजे ओढ दांडगी. तिला टप्प्याटप्प्यानं लांब नेऊन सोडायची तालीम सुरू केली. आधी उचगाव, मग आगगाडीनं कराड, मग सातारा. साताऱ्याच्या स्टेशनावर तिकीट तपासनिसानं टोपली उघडायला लावली. “हिचं परतीचं तिकीट कुठाय?”

“ती परत गाडीनं येत न्हाई, साहेब.”

“मग कशी येते?”

मी तिला तिथंच सोडून दाखवली. त्यांनी टोपी काढून वर बघितलं. चंद्री जाताना त्यांच्या खांद्यावर एक खूण ठेवून गेली. परतीचा प्रवास त्यांनी मला उभ्यानं करायला लावला.

गावात आता एकच चर्चा, पुणं लांब किती? गाडीवानाला विचारावं तर तो मुक्काम मोजायचा. पाण्याची जागा, चाऱ्याची जागा, बैल थकायची जागा. आगगाडी मिरजेला वळसा घालून जाते, तिच्या हिशेबानं दोनशे मैलांच्या वर. वकीलसाहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि सव्वाशे मैलांच्या आसपास सांगितलं. केरबा वस्तादांनी तो नकाशा हातात घेतला आणि म्हणाले, “एवढंच व्हय पुणं? इतभर तर हाय!” मी माझ्या अंदाजानं सांगितलं, वारा पाठीशी असला तर पाखरू साडेतीन-चार तासांत यावं. हे मी ज्या ठसक्यात सांगितलं तेवढी खात्री मला अजिबात नव्हती.

पैजेचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस, आभाळ निरभ्र. पुण्यात सकाळी पाखरू सुटणार होतं. दहा वाजल्यापासून आमची गल्ली भरायला लागली. अकराला हलगीवाला आला. त्याला कुणी बोलावलं ते कळलं नाही, पण कोल्हापुरात गर्दी जमली की हलगी आपोआप येते. पैलवान लंगोटावर शेले पांघरून पारावर बसले होते. गच्चीत आबासाहेब, वकीलसाहेब आणि मी. खालच्या खिडकीत दोघी बहिणी. वकीलसाहेबांनी खुर्ची मागवली, छत्री मागवली, आणि “तार आली की मला उठवा” म्हणून डोळे मिटले.

मी उत्तरेकडं, पंचगंगेच्या बाजूला तोंड करून उभा राहिलो. पाखरू तिकडूनच येणार. बारा वाजले. गल्लीतून कुणी ओरडलं, “चाचा, आलं का?” “न्हाई.” थोड्या वेळानं दुसरा, “कुठवर आलंय?” जणू मला पत्र आलंय! घार दिसली तरी गल्लीत हलगी वाजायची. एका कावळ्याचं तर असं स्वागत झालं की तो बिचारा पुन्हा त्या भागात फिरकला नाही.

दुपार झाली. आबासाहेबांनी येरझाऱ्या घालून गच्ची झिजवली. वाटेत ससाणा असतो. शिकारीची बंदूक असते. पायाची सुरळी कुठं फांदीत अडकते. पैज गेली खड्ड्यात, असं मला एकदम वाटलं. खोप्यात पिल्लं चोच वासून बसली होती, आणि त्यांची आई मी पुण्याला धाडली होती, कशासाठी, तर फराळाच्या पाटावरच्या बढाईसाठी.

इकडं वकीलसाहेबांची झोप उडाली होती. खुर्ची सोडून ते कठड्याशी आले. “ससाणे फार असतात का रे वाटेत?” त्यांनी हळूच विचारलं.

“असतात, साहेब.”

“हं.” मग थोड्या वेळानं, “तिचा नर कुठला? तो का? बिचारा बाहेरच बघतोय.” आणखी थोड्या वेळानं त्यांनी छत्री मिटून ठेवली आणि हाताची सावली करून आभाळ बघायला लागले.

मी उत्तरेकडं डोळे फाडून बघत होतो आणि पाठीमागून एकदम आरोळी आली. “आली! आली! अरे, ती बघ आली!”

वकीलसाहेब! दक्षिणेकडं बोट करून नाचत होते. चंद्री पुढं निघून गेली असावी आणि मागं वळून आली असावी. काय असेल ते असो, कपाळावरचा पांढरा ठिपका मी ओळखला. ती गच्चीवर उतरणारच होती. पण वकीलसाहेबांची आरोळी, त्यात गल्लीतल्या शेकडो माणसांची आरोळी, त्यात हलगी. चंद्री हवेतच दचकली, गर्रकन वळली आणि तालमीसमोरच्या पिंपळाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

आपण काय केलं ते वकीलसाहेबांच्या ध्यानात आलं. पैज जिंकायला मदत झाली म्हणून खूष व्हायचं, की पाखरू बिथरवलं म्हणून वाईट वाटून घ्यायचं, हे त्यांचं त्यांना ठरवता येईना. ते खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले.

“उतरवा की तिला!” गल्ली ओरडली. एकानं फेटा फिरवला. एकानं “काव काव” केलं. दोन पैलवान झाडावर चढायला निघाले.

मी कठड्यावरून हात जोडले. “अरे बाबांनो, गप बसा! दंगा थांबल्याशिवाय ती उतरायची न्हाई!”

माझं कोण ऐकतंय? तेव्हा केरबा वस्ताद पारावर उभे राहिले. छाती भरून त्यांनी आवाज टाकला, “बसा रं खाली समदी! जो तोंड उघडंल, त्याला उद्या आखाड्यात घेतो!”

कोल्हापूरची माणसं गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही. सगळी गल्ली जमिनीवर बसली. टांगेवाला टांग्यातून उतरून बसला. भाजीवाली पाटीशेजारी बसली. हलगीवाल्यानं हलगी मांडीखाली घेतली. मी जोंधळ्याचा डबा हलवत होतो, शीळ घालत होतो, आणि चंद्री शेंड्यावर बसून पिसं साफ करत होती. किती वेळ गेला देव जाणे. आबासाहेबांच्या ओठांवर कुठल्यातरी देवाचं नाव होतं, आणि वकीलसाहेबांच्याही होतं. देव बहुधा वेगवेगळे असावेत.

शेवटी खोप्यातल्या एका पिल्लानं चिरका आवाज काढला. चंद्रीनं मान वाकडी केली, पंख सोडले आणि सरळ ढाबळीच्या दारात उतरली. मी तिला उचललं. तिचं काळीज माझ्या मुठीत धडधडत होतं, माझं तिच्याहून जोरात. पायाची सुरळी सोडून आबासाहेबांच्या हातात दिली. कारकुनाच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पाखरू सोडले.’

“तार कुठाय?” आबासाहेब गरजले. “वकीलसाहेब, कुठाय तुमची तार?”

तेवढ्यात खाली गल्लीत बसलेल्यांतून एकजण भीत भीत उभा राहिला. अंगात खाकी कोट, खांद्याला पिशवी. तारवाला पांडबा!

“सरकार, तार मी मघाशीच आणलीया,” तो म्हणाला. “पण वस्ताद म्हणाले बसा, म्हणून बसलो.”

गल्लीत असा हलकल्लोळ उठला की चंद्री ढाबळीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पांडबाला वर आणलं. वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली.

“तू आलास तेव्हा पाखरू कुठं होतं?”

“पिंपळावर हुतं, साहेब.”

“म्हणजे गावात आलं होतं!” आबासाहेब.

“पण घरात आलं नव्हतं!” वकीलसाहेब. “आणि तार?”

“दारात हुती, साहेब. घरात न्हवती.”

“एवढा उशीर का केलास?” आबासाहेबांनी विचारलं. खरं तर त्यांनी त्याचे आभार मानायला हवे होते.

पांडबानं कपाळ पुसलं. “एक तर सरकारी तारांच्या मागं ही तार पडली. वर, येताना मंगळवार पेठेत एक तार द्यायची हुती. तुमाला ठावं हाय, तार म्हटली की माणसं आधी रडत्यात आनि मग वाचत्यात. मी दारात गेलो आनि घरातल्या बायकांनी गळाच काढला. म्हातारी भुईवर पडली. तिला पाणी पाजलं, कांदा हुंगवला, मग तार वाचायला मास्तर हुडकून आणला. तर पोराला नोकरी लागलीया! मग म्हातारीनं पेढा दिल्याबिगार सोडंना.”

आता निकाल कसा लावायचा? दोघं साडू समोरासमोर. ढाबळ राहते की जाते, माझा जीव टांगणीला. तेवढ्यात खालच्या खिडकीतून बाईसाहेबांचा आवाज आला, “अहो, भांडताय काय? ती तार तरी उघडून वाचा!”

वकीलसाहेबांनी पाकीट फाडलं. तार इंग्रजीत. त्यांनी एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग त्यांचे गाल थरथरायला लागले. मला वाटलं संतापले. पण हसू दाबत होते ते!

“काय लिहिलंय?” आबासाहेब.

“लिहिलंय,” वकीलसाहेबांनी डोळे पुसत सांगितलं, “‘पाखरू उडत नाही. स्टेशनच्या छपरावर बसून आहे. आपण जिंकलो.’”

झालं होतं असं की सुटल्यावर चंद्री दिशा बघायला जरा छपरावर टेकली. वकीलसाहेबांचा कारकून आनंदानं धावत जाऊन तार करून आला. तो बाहेर येईपर्यंत छपरावर कुणी नव्हतं.

वकीलसाहेबांनी तार हातात धरून ढाबळीकडं बघितलं. आत चंद्री पिल्लांच्या चोचीत चोच घालून भरवत होती. ते म्हणाले, “आबासाहेब, मी हरलो. साक्षीदार स्वतः समोर हजर असताना, तो पुण्यात आहे असं सांगणारा कागद कुठलं कोर्ट मानेल?”

त्या जेवणाचं वर्णन करत नाही. तांबड्या रश्श्याची भगुली उपसता उपसता आचारी दमले. केरबा वस्तादांनी हात धुताना वकीलसाहेबांना विचारलं, “पुढची पैज कवा?” पांडबालाही पंगतीला बसवलं होतं. तो आल्या आल्या सवयीनं एका बाईंनी गळा काढला, तेवढाच गोंधळ. त्यानंतर वकीलसाहेब कोर्ट सुटलं की आमच्या गच्चीत येऊन बसू लागले. येताना जोंधळे आणायचे. “दस्तगीर, तिला घर कुठं आहे ते कळतं कसं रे?” हे त्यांनी मला कितीदा तरी विचारलं. “मला न्हाई माहीत, साहेब,” मी सांगायचो. अजूनही माहीत नाही.

पुढं आबासाहेब गेले. त्यांचे चिरंजीव शिकून आले होते, त्यांना गच्चीत पाण्याची टाकी बसवायची होती. माणूस वाईट नव्हता. “चाचा, आता ढाबळ नको,” त्यांनी सरळ सांगितलं. “कबुतरं हौशी लोकांना देऊन टाका. तुम्हीही थकलात.” मी मान हलवली.

पाखरं उचगावला दिली. दुसऱ्या सकाळी सगळी परत. मागोमाग पाखरं नेणाराही आला, “सरकार, आमची पाखरं तुमच्याकडं आली काय?” मग आणखी लांब, इचलकरंजीकडं दिली. परत. शेवटी चिरंजीवांनी, म्हणजे धाकट्या सरकारांनी, ती आगगाडीनं आपल्या सासुरवाडीला पाठवली. सासऱ्यांनी बरेच दिवस कोंडून ठेवली, माणसाळली असं वाटल्यावर दार उघडलं. भेट पोचली, आभारी आहोत, असं त्यांचं पत्र आमच्याकडं आलं त्याच्या आदल्या दिवशी पाखरं आली होती.

मी त्या सकाळी माझा डबा, झाडू आणि घोंगडं न्यायला गेलो होतो. धाकटे सरकार गच्चीत उभे होते. ढाबळीच्या फळ्या काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या, आणि रिकाम्या जागेवर पंखाला पंख लावून सगळी पाखरं बसली होती.

“चाचा,” ते म्हणाले, “यांना जायला सांगा.”

“सरकार, मला उद्यापासून येऊ नका म्हणालात, मी येणार न्हाई,” मी म्हटलं. “ह्यांना कुठल्या भाषेत सांगू?”

मग माझ्या काखेतला झाडू काढून घेऊन त्यांनी भिंतीला टेकवला आणि म्हणाले, “मग तुम्ही तरी कुठं निघालात? सुतार बोलवा.”